परकी फौज आणि घरचे बंड : सुरतेच्या तहाची एक चिकित्सा

एखाद्या देशात यादवी माजली असता बाहेरच्या सत्तेने बंडखोरांच्या पक्षास पैसा, शस्त्रे व फौज पुरवावी काय, हा प्रश्न जुना आहे. पूर्वी तो बांगलादेशाच्या निमित्ताने आला, नंतर श्रीलंकेच्या निमित्ताने आला, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर तो पुन्हा आपल्या दारी उभा राहिला आहे. या प्रश्नाची चर्चा करणाऱ्यांचे बहुधा दोन तट पडतात. एक तट म्हणतो, अन्यायाविरुद्ध जो उठला त्यास मदत करणे हे कर्तव्यच होय. दुसरा म्हणतो, परक्याने घरात पाऊल टाकले की घर गेलेच म्हणून समजावे. पहिला तट बंडखोराच्या हेतूकडे पाहतो, दुसरा परक्याच्या हेतूकडे. या दोहोंच्या मध्ये जी रयत उभी असते, जिच्या शेतातून फौजा जातात व जिच्या खळ्यावरचे धान्य उचलले जाते, तिच्याकडे मात्र दोघांचेही लक्ष नसते. आमच्या मते या प्रश्नाचा विचार त्या रयतेपासून सुरू झाला पाहिजे. तसा तो करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे ठळक उदाहरण आहे आणि त्याचे धागे आमच्या नगर जिल्ह्यात, अगदी अकोले तालुक्याच्या डोंगरांपर्यंत येऊन पोहोचतात.

एक

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि त्याचा चुलता रघुनाथराव पेशवा झाला. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचा कट करून त्यास सत्तेवरून दूर सारले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावाच्या पत्नीस पुत्र झाला, आणि सवाई माधवराव या नावाने त्या तान्ह्या मुलास पेशवेपद देऊन बारभाईंनी कारभार हाती घेतला. राज्यात दोन पक्ष झाले. दोघांपाशी फौजा होत्या आणि दोघेही स्वतःस राज्याचे खरे वारस म्हणवीत होते. यादवी ती हीच.

रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेस तह झाला. कंपनीने सुमारे २,५०० लोकांची फौज द्यावी, तिचा खर्च रघुनाथरावाने सोसावा, हमीदाखल सहा लाखांचे जवाहीर कंपनीपाशी ठेवावे आणि साष्टी व वसई ही ठाणी कंपनीस कायमची तोडून द्यावीत, अशी त्यातील मुख्य कलमे होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या तहावर सह्या होण्यापूर्वीच, डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला सर करून साष्टी बळकावली होती. म्हणजे मदत पुढे यावयाची होती, पण मोबदला आधीच वसूल झाला होता. ज्याने मोबदला आधी वसूल केला, त्यास गरजूच्या कार्याची सिद्धी किती महत्त्वाची वाटणार?

पुढचा इतिहास याची साक्ष देतो. मे १७७५ मध्ये गुजरातेत अडासजवळ लढाई झाली. तोवर कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांचा हा उद्योग नापसंत केला होता. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला आणि कंपनीने रघुनाथरावाची बाजू सोडण्याचे मान्य केले. साष्टी मात्र सोडली नाही. पुढे इंग्रजांनी त्यास पुन्हा उचलले आणि पुण्यावर चाल केली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्यांच्या फौजेस हात टेकावे लागले. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने कंपनीने त्याचा पक्ष कायमचा सोडला व त्यास दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर बसवले. गोदावरीकाठी कोपरगावास तो राहिला आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारला. सात वर्षांत परक्याने त्यास एकदा धरले, एकदा सोडले, पुन्हा उचलले आणि शेवटी खाली ठेवले. साष्टी या सर्व उलथापालथीत इंग्रजांकडेच राहिली.

या प्रकरणात एक बाजू परक्याकडे गेली आणि दुसरी निर्मळ राहिली, असेही नाही. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला तेव्हा बारभाईंनी त्याचा सन्मान केला आणि फ्रेंचांशी बोलणी चालवली. घरच्या भांडणात एकाने परका आणला म्हणजे दुसऱ्यासही परका शोधावा लागतो. यादवी अशा रीतीने आपल्या हातून निसटते आणि दूरच्या दोन दरबारांच्या पटावरची सोंगटी होते.

दोन

या घटनेकडे मराठी लेखनाने कसे पाहिले? आम्हांस तीन दृष्टी दिसतात आणि तिन्ही आम्हांस अपुऱ्या वाटतात.

पहिली दृष्टी भाऊबंदकीची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ सालच्या 'भाऊबंदकी' या गाजलेल्या नाटकाने ती घरोघर पोहोचवली. रामशास्त्र्यांची न्यायनिष्ठा, राघोबाची दुबळी वृत्ती आणि आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा यांवर त्या नाटकाची सारी इमारत उभी आहे. नाटक म्हणून त्याचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. सत्तेपुढे उभे राहून प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश हे चित्र कोणत्याही काळी मोलाचेच आहे. परंतु 'भाऊबंदकी' हा शब्दच असा आहे की त्यात वाड्याबाहेरचे कोणी मावत नाही. राज्य म्हणजे एक घर, घर म्हणजे एक कुळ आणि कुळातील दोन भावांचे भांडण म्हणजे इतिहास, असा समज तो शब्द पक्का करतो. त्यातूनच आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला, ही आख्यायिका रुजली. एका अक्षराच्या फेरात आणि एका स्त्रीच्या हातात सारा दोष कोंबला म्हणजे ज्या राज्यव्यवस्थेत लक्षावधी रयतेस आपला कारभारी कोण असावा हे विचारण्याची सोयच नव्हती, त्या व्यवस्थेचा दोष झाकला जातो.

दुसरी दृष्टी देशद्रोहाची. राघोबा परक्याकडे गेला म्हणून मराठी राज्य बुडाले, असे ती सांगते. यात तथ्यांश आहे. पण ही दृष्टी राघोबास दोष देऊन थांबते. परक्याकडे जाण्याची वाट त्यास मोकळी का मिळाली, हे ती विचारत नाही. ज्या राज्यात वाद मिटवण्याची सर्वमान्य सभा नाही, जेथे वारसा हाच हक्क आणि तलवार हाच पुरावा, तेथे हरलेल्या पक्षापुढे दोनच वाटा उरतात : मरण पत्करणे किंवा बाहेरची तलवार आणणे. १८०२ मध्ये हेच पुन्हा घडले. २५ ऑक्टोबरला पुण्याजवळ यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि ३१ डिसेंबर रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस तह करून किमान सहा हजारांची इंग्रजी तैनाती फौज आपल्या गळ्यात बांधून घेतली. हा बाजीराव रघुनाथरावाचाच पुत्र. त्याच्या वेळी तो बंडखोर नव्हता, गादीवरचा पेशवा होता. यावरून दिसते की दोष केवळ बंडखोरीत नाही. लोकांस उत्तर द्यावे न लागणारा कोणताही पक्ष, गादीवरचा असो वा गादीबाहेरचा, अखेर परक्याच्या दारी जातो.

तिसरी दृष्टी आपल्यातल्याच काहींची आहे. पेशवाई बुडाली हे चांगलेच झाले, मग ती कोणी, कशी बुडवली याची चौकशी कशास, असे ती म्हणते. ही दृष्टी केवळ रागातून आलेली नाही. तिच्यामागे गळ्यात मडके व पाठीशी खराटा यांची स्मृती आहे. म्हणून तिचा विचार आम्ही पुढे स्वतंत्रपणे करू.

तीन

तत्पूर्वी या मदतीचा खर्च कोणी भागवला ते पाहू. वसईच्या तहातून १८०३ चे युद्ध निघाले. त्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. १८०३-०४ मध्ये दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला त्यास पावसाने दिलेला दगा जितका कारण होता तितकीच फौजांची लुटालूटही कारण होती, आणि नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. ज्या कुणब्याच्या खळ्यावरचे धान्य गेले, ज्या महाराचे बलुते त्या खळ्यावर अवलंबून होते, त्याने ना सुरतेस सही केली होती, ना वसईस.

१८१८ मध्ये कंपनीचा अंमल बसला. अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळ्यांचे नाईक पिढ्यान्‌पिढ्या गडांची व घाटवाटांची राखण करून आपले हक्क खात होते. नव्या अंमलात गडांवरची शिबंदी गेली, नाइकांचे हक्क आटले आणि त्यांच्या पोटावर पाय आला. १८२८ ते १८३० च्या दरम्यान रामजी भांगरे व रामा किरवा यांच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी उठाव केला. रामजीचा पुत्र राघोजी, देवगावचा, हा सावकारी जाच आणि सरकारी जुलूम यांविरुद्ध १८४० च्या दशकात उठला. १८४८ साली त्यास ठाण्यास फाशी देण्यात आली. ज्या ठाण्याच्या किल्ल्यापासून मुंबईकर इंग्रजांनी आपली वसुली सुरू केली होती, तेथेच अकोल्याच्या या बंडखोराचा शेवट झाला.

राघोबा आणि राघोजी या दोन बंडखोरांची तुलना येथे अगत्याची वाटते. राघोजीच्या मदतीस कोणी परका दरबार आला नाही. त्याचा आधार म्हणजे डोंगरातील वाड्यापाड्यांची भाकर, त्यांचा आसरा आणि शिपायांनी दरडावून विचारले तरी न उघडणारे त्यांचे तोंड. त्याच्या टोळ्यांनी सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. शीलाच्या कसोटीवर त्या कृत्यांचे समर्थन होत नाही, आणि आम्हीही ते करत नाही. परंतु एक फरक निश्चित आहे. जो आपल्या लोकांच्या भाकरीवर जगतो त्यास त्या लोकांचे मन राखावे लागते. भाकर बंद झाली की बंड बंद झाले. जो परक्याच्या तिजोरीवर जगतो त्यास आपल्या लोकांची गरज उरत नाही. त्याची गरज तिजोरीच्या मालकास असेपर्यंत तो असतो, आणि नंतर कोपरगावास जाऊन बसतो. परक्या मदतीचा खरा दोष येथे आहे. ती बंडखोरास बळ देते, परंतु ज्यांच्यासाठी बंड करावयाचे त्यांच्यापासून त्यास तोडते.

चार

आता तिसऱ्या दृष्टीकडे वळू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे कंपनीच्या पलटणीतून लढलेल्या महार सैनिकांचे स्मरण आम्ही दरवर्षी करतो. बाबासाहेब स्वतः १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले होते. मग कोणी विचारील : राघोबाने परक्याची फौज आणली तर तो दोष, आणि आमचे पूर्वज परक्याच्या फौजेत लढले तर तो पराक्रम, हा न्याय कोणता? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. आमचे वाचक तो ऐकतात आणि त्यांनी त्याचे उत्तर द्यावे अशी अपेक्षा केली जाते.

आमचे उत्तर असे. राघोबा राज्याचा वाटेकरी होता. त्याने राज्याचा प्रदेश विकला, जो त्याचा एकट्याचा नव्हता. कोरेगावच्या महार सैनिकापाशी विकण्यासाठी काही नव्हते. ज्या राज्यात रस्त्यावर थुंकण्याचाही त्यास अधिकार नव्हता, त्या राज्याचा विश्वासघात त्याने केला असे म्हणणे म्हणजे ज्यास घरात कधी घेतलेच नाही त्यावर घर फोडल्याचा आरोप ठेवणे होय. त्याने तह केला नाही, ठाणी तोडून दिली नाहीत. सैनिकाची चाकरी केली आणि ती जिवाच्या करारावर निभावली. त्याच्या शौर्याचे स्मरण हे परक्याच्या विजयाचे स्मरण नसून, ज्यास समाजाने हीन ठरवले तो हीन नव्हता याचे स्मरण आहे.

पण हे उत्तर येथेच संपवले तर ते अर्धे राहील. ज्या परक्याने कोरेगावचा स्तंभ उभारला त्यानेच १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. कारण सरळ होते. त्याची गरज बदलली. लष्करात घ्या म्हणून पुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीत आणि बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांस तोंडावर जे सांगितले त्याचा आशय हाच होता : इंग्रजांपूर्वी आमची जी अवस्था होती तीच बव्हंशी आजही आहे, तेव्हा आमचे दुःख आमच्याइतके कोणी दूर करू शकणार नाही आणि त्यासाठी राजसत्ता आमच्या हाती आली पाहिजे. शत्रूचा शत्रू हा आपला मित्र असतोच असे नाही. तो फार तर काही काळाचा सोबती असतो. कोरेगावचा अभिमान आणि परक्यावरचा अविश्वास या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांनी एकाच वेळी बाळगल्या. त्या दोन्ही आपणही बाळगल्या पाहिजेत.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी आपल्याच माणसांच्या फितुरीने देशाचे स्वातंत्र्य कसे गेले याची उदाहरणे दिली. परक्यास बोलावणारा जयचंद त्यांत आहे, राघोबा नाही. पण त्या भाषणाचा रोख केवळ फितुरांवर नव्हता. त्याच भाषणात त्यांनी सामाजिक व आर्थिक विषमता तशीच राहिली तर राजकीय लोकशाहीचा डोलारा पीडितच उडवून लावतील असा इशारा दिला, आणि घटनात्मक मार्ग खुले असताना रक्तरंजित मार्ग सोडला पाहिजे असेही सांगितले. हे तीन मुद्दे एकत्र वाचावयाचे असतात. परका येऊ नये असे वाटत असेल, तर बंडाचे कारण नाहीसे करा. बंड होऊ नये असे वाटत असेल, तर दाद मागण्याचा मार्ग खुला ठेवा.

पाच

तथागतांच्या चरित्रातील दोन प्रसंग या संदर्भात आम्हांस मार्गदर्शक वाटतात.

पहिला रोहिणी नदीच्या पाण्याचा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तो विस्ताराने मांडला आहे. शाक्य व कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने त्यास विरोध करून दोन्ही पक्षांच्या पंचांकरवी निवाडा करावा अशी सूचना केली. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. पण युद्धात भाग घेण्यास तो तयार झाला नाही. या प्रसंगातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. सिद्धार्थास देहदंड वा देशत्याग फर्मावला, तर कोसलाचा राजा संघास जाब विचारील, अशी भीती सेनापतीस होती. म्हणजे सिद्धार्थापाशी एक बाहेरची बलाढ्य सत्ता होती. तिचे नाव घेतले असते तरी संघ नमला असता. त्याची बाजू न्यायाची होती आणि अन्याय त्याच्यावर होत होता. तरी त्याने ती सत्ता वापरली नाही. उलट परिव्राजक होऊन आपण होऊन देश सोडण्याचा मार्ग त्याने सुचवला, जेणेकरून कोसलाच्या राजास शाक्यांच्या घरात हात घालण्याचे निमित्त मिळू नये. युद्धास नकार देणे जितके थोर, तितकेच हे दुसरे नाकारणेही थोर आहे. तो संघापुढे झुकला नाही, आणि संघास परक्यापुढे झुकवलेही नाही.

दुसरा प्रसंग महापरिनिब्बान सुत्तातील. मगधाच्या अजातशत्रूस वज्जींचे गणराज्य जिंकावयाचे होते. त्याचा मंत्री वस्सकार तथागतांकडे आला असता तथागतांनी आनंदास विचारून वज्जींच्या सात गुणांची उजळणी केली. वज्जी वारंवार सभा भरवतात, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात, वडीलधाऱ्यांचा मान राखतात, स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत, आणि असे जोवर आहे तोवर त्यांची हानी होणार नाही. वस्सकाराने यातून निराळाच धडा घेतला. युद्धाने हे लोक जिंकता येणार नाहीत, भेद पाडूनच जिंकता येतील, असे तो म्हणाला. अट्ठकथा सांगते की पुढे तो वैशालीत राहिला, एकास दुसऱ्याविषयी सांगत गेला आणि सभेचा नगारा वाजला तरी कोणी जमेना, अशी वेळ त्याने आणली. परक्याची मदत नेहमी फौजेच्या रूपाने येते असे नाही. ती सल्लागाराच्या व मित्राच्या रूपानेही येते. पण वस्सकारास रोखणारी भिंत कोणती होती, तेही सुत्तातच आहे. ती भिंत म्हणजे सभा. पुण्याच्या दरबारात ती नव्हती, म्हणून सुरतेची वाट सोपी झाली.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की बौद्धांनी प्रत्येक संघर्षात हात बांधून बसावे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या विवेचनात बाबासाहेबांनी बळ आणि हिंसा यांत फरक केला आहे. न्यायासाठी लागणारे बळ बुद्धास वर्ज्य नव्हते. तेव्हा प्रश्न बळ वापरावे की नाही एवढाच नाही. ते कोणाच्या हातात द्यावे आणि तो हात कोणास बांधील असावा, हा आहे.

सहा

आता अलीकडच्या दोन उदाहरणांवर हा विचार पारखून पाहू. दोन्हींत मदत करणारा परका म्हणजे आपण, भारत, होतो.

१९७१ साली पूर्व बंगालात डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने बहुमत मिळवले होते. लष्कराने ते पायदळी तुडवले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांत ज्या नमःशूद्र समाजाच्या नेत्यांनी १९४६ साली बाबासाहेबांस बंगालमधून घटना समितीवर पाठवण्यास साहाय्य केले, त्या समाजाचेही लोक मोठ्या संख्येने होते. भारताने मुक्तिवाहिनीस शिक्षण व शस्त्रे दिली आणि डिसेंबरात युद्धही केले. यात भारताचा स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. पण ज्यास मदत केली त्या पक्षास लोकांचा कौल आधीच मिळालेला होता, त्याने परकी ठाणी तोडून दिली नाहीत, आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज परतली. सुरतेच्या तहाहून हे सर्वथा भिन्न होते.

श्रीलंकेत मात्र उलट घडले. येथे आम्हां बौद्धांस काही कटू गोष्टी मान्य कराव्या लागतील. ज्या भूमीने त्रिपिटक जपले, जेथे १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी गेले, त्याच भूमीत १९५६ च्या कायद्याने सिंहली हीच एकमेव राजभाषा केली गेली, १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले आणि जुलै १९८३ मध्ये तमिळांचे हत्याकांड झाले. बहुसंख्येच्या अहंकारास धम्माचे नाव दिल्याने तो अहंकार धम्म होत नाही. तमिळांचा लढा न्यायाच्या मागणीतून निघाला होता. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी आपले प्रतिनिधी संसदेत निवडून दिले होते आणि अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले होते. परंतु १९८३ नंतर भारतातून शस्त्रे व शिक्षण गेले ते बंदूकधारी गटांकडे. ज्याच्या हाती बंदूक आली त्यास कौलाची गरज उरली नाही. १९८६ मध्ये लिट्टेने टेलो या तमिळांच्याच संघटनेचा संहार केला. २ जून १९८७ रोजी अरन्तलावा येथे बसमधील तरुण भिक्खूंस कापून काढले. १९८९ मध्ये खुद्द अमृतलिंगम यांची हत्या केली.

मधल्या काळात, २९ जुलै १९८७ च्या करारानंतर, भारताने शांतिसेना पाठवली आणि ज्यांस आपण घडवले त्यांच्याशीच तिला लढावे लागले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तेथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परत आली तेव्हा अकराशेहून अधिक भारतीय जवान मृत्यू पावले होते. पुढे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारनेच शांतिसेनेविरुद्ध लिट्टेस शस्त्रे पुरवल्याचे उघड झाले. बंडखोर, सरकार आणि परका यांपैकी कोण कोणाचा, हे सांगणे अशक्य व्हावे, इतका तो गुंता होता. आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदुर येथे राजीव गांधींचा बळी गेला. महार सैनिक कोरेगावास परक्याच्या पलटणीतून लढला होता. जाफन्यात तो स्वतंत्र देशाच्या पलटणीतून लढला, पण ज्या धोरणाची किंमत त्याने दिली ते ठरवताना त्याच्या गावास कोणी विचारले नव्हते. दोन शतकांत राज्ये बदलली. किंमत चुकवणारे हात मात्र फारसे बदलले नाहीत.

सात

या साऱ्या विवेचनातून परक्या मदतीची पारख करण्यासाठी चार प्रश्न निघतात. मदत घेणाऱ्यास आपल्या लोकांचा कौल आहे काय? मोबदला म्हणून तो असे काही देत आहे काय, जे त्याचे एकट्याचे नाही? मदत मिळाल्यावर तो आपल्या लोकांस अधिक बांधील होतो की कमी? आणि मदत करणारा परत केव्हा जाणार, हे आधी ठरले आहे काय? सुरतेचा तह या चारही प्रश्नांवर नापास होतो. बांगलादेशचे साहाय्य बव्हंशी उत्तीर्ण होते. श्रीलंकेतील आपले धोरण तिसऱ्या प्रश्नावर कोसळते.

म्यानमारचे काय? तेथे नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत कौल मिळालेल्या पक्षास लष्कराने तुरुंगात टाकले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्पष्ट आहे. लष्करास बाहेरून शस्त्रे मिळत असता विरोधकांस काहीच देऊ नये असे म्हणणे, याला तटस्थता म्हणता येत नाही. पण प्रतिकार करणारे गट अनेक आहेत, त्यांची शस्त्रे उद्या कोणास उत्तर देतील हे अनिश्चित आहे, आणि २०१७ मध्ये रोहिंग्यांची गावे जळत असता लोकांनी निवडलेले सरकारही गप्प होते, हे विसरता येत नाही. म्हणून आमचे मत असे की शेजारी या नात्याने भारताचे पहिले कर्तव्य आश्रय, अन्न, औषध आणि निवडून आलेल्यांची मान्यता हे आहे. मिझोरमच्या गावकऱ्यांनी निर्वासितांस घरात घेऊन ते आधीच दाखवून दिले आहे. या मदतीत कोणास कोणाचा अंकित व्हावे लागत नाही. शस्त्रांचा प्रश्न त्यानंतरचा, आणि वरील चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो सोडवू नये.

राहिला आपल्या घराचा प्रश्न. वाचकांनी राघोबाची निंदा करून समाधान मानू नये. जेथे जेथे एखाद्या वस्तीस, जमातीस वा प्रांतास आपले गाऱ्हाणे मांडण्याची सभा उरत नाही, तेथे सुरतेची वाट मोकळी होते. तथागतांनी वज्जींस सांगितलेला पहिला गुण वारंवार जमण्याचा होता, आणि बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेले संविधान हीही अशा जमण्याचीच व्यवस्था आहे. ती चालू ठेवणे, तीत अकोल्याच्या डोंगरातील शेवटच्या पाड्याचा आवाज ऐकला जाईल असे पाहणे, हा परक्या फौजेविरुद्धचा सर्वांत भक्कम कोट होय. तो बांधण्याचे काम आपले आहे.